तिकडची

“निरूबेन, काले तमे कई बाजू बेसवानां?” समोरच्या ब्लॉकमधल्या इलाबेननी भाजीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर वाकून, पापडीची शेंग मोडून बघता बघता विचारलं. उद्या तुम्ही कुठल्या बाजूला बसणार, एवढंच. निरुपमानं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि “जोइए हवे”, बघू या, म्हणून हसली. इलाबेनही हसल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या मनात कधीच काही नसतं. जे असतं ते लारीवरच रिकामं होतं आणि बाई हलकी होऊन घरी जाते. पण जिना चढून वर आल्यावर, मेथी निवडायला बसल्यावर, निरुपमाच्या लक्षात आलं की आपण कोथिंबीर मागायची विसरलो. भाजीवर कोथिंबीर मागून घेणं हा तिचा धर्म होता. लग्न झाल्यापासून तो एकदाही चुकला नव्हता, आणि आज इलाबेनच्या एका वाक्यानं चुकला होता.

उद्या सकाळी नागरवाड्यातल्या क्लबच्या मैदानावर खो-खोचा सामना होता. जागतिक स्पर्धेसाठी दिल्लीला जाण्याआधी न्यूझीलंडच्या बायकांचा संघ सरावाला म्हणून बडोद्यात उतरला होता आणि त्यांच्याशी खेळायला भारताच्या शिबिरातल्या मुली आल्या होत्या. मैदान तेच, जिथे निरुपमा शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून उभी राहायची. भारताकडून दुर्गा खेळणार होती, तिनं लहानपणापासून हाताला धरून तयार केलेली. न्यूझीलंडकडून अवनी खेळणार होती, तिची पोटची मुलगी. पेपरवाल्यांना हे फारच आवडलं. त्यांनी निरुपमाचा एक डोळा मिटलेला फोटो छापला. तिच्या नवऱ्यानं, हेरंबनं, तो कापून फ्रिजवर लावला आणि खाली पेनानं लिहिलं, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’. रिफायनरीतून निवृत्त झाल्यापासून त्याला असले उद्योग सुचत. त्याच्यापुरता प्रश्न कधीच सुटला होता. अवनीनं आणलेली, तिच्या संघाची काळी टोपी घालून तो सकाळी दूध आणायला जाऊन आला होता. “पोर आपली, टोपी आपली, यात विचार कसला करायचा?” असं त्याचं म्हणणं. निरुपमाला त्याचा राग आला आणि रागापेक्षा हेवा जास्त वाटला. इतकं सोपं असतं तर तिनंही एखादी टोपी घातली असती.

गेल्या वर्षीपर्यंत अवनी तिकडे होती. तिकडे थंडी आहे, तिकडे आत्ता सगळे झोपले असतील, तिकडे भाजी निवडलेलीच मिळते, असं निरुपमा सगळ्यांना सांगायची. मग अवनीनं तिकडच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आणि त्या दिवसापासून निरुपमाच्या तोंडात नवा शब्द बसला, तिकडची. अवनी आता तिकडची. देशाचं नाव मात्र जिभेवर येत नव्हतं. बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत तसं झालं होतं, फक्त इथे लाज नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. शपथेचा व्हिडिओ आला तेव्हा ती शाळेच्या स्टाफरूममध्ये होती. शेजारी कोणीतरी पेपर तपासत होतं म्हणून तिनं आवाज बंद करून पाहिला. अवनी साडी नेसून अनोळखी माणसांच्या रांगेत उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती काय बोलतेय ते निरुपमाला कळेना. मुलगी बोलतेय आणि आईला कळत नाही, असं अवनी तान्ही असतानाही झालं नव्हतं. शेवटी एका बाईनं तिच्या हातात कुंडीतलं छोटंसं रोप ठेवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हेरंबनं त्यावर अंगठा पाठवला. निरुपमानं बराच वेळ काही पाठवलं नाही, मग लिहिलं, ‘साडी छान दिसते, पदर नीट घ्यायचा होतास.’

खरं तर तिकडचे हा शब्द घरात नवा नव्हता, फक्त दिशा नवी होती. तिच्या वडिलांच्या, गोविंदरावांच्या, तोंडी तिकडचे म्हणजे पुण्या-साताऱ्याचे. त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत कारकून म्हणून आले आणि मग बडोदं हेच गाव झालं. घरात मराठी, ओट्यावर गुजराती, आणि भांडण झालं तर हिंदी. हेरंबचं स्थळ आलं तेव्हा गोविंदराव म्हणाले होते, “मुलगा तिकडचा आहे, पण बरा वाटतो.” बडोद्याचा क्रिकेटचा संघ गुजरातहून वेगळा, स्वतःचा. रणजीत महाराष्ट्राची गाठ पडली की गोविंदराव डबा घेऊन मैदानावर जायचे आणि महाराष्ट्राच्या गोलंदाजांना शुद्ध मराठीत नावं ठेवायचे. एकदा पुण्याचा भाचा सोबत होता. तो बिचारा गोंधळला. “मामा, पण तुम्ही तर आमच्यातले ना?” गोविंदरावांनी तोंडातली पुरी संपवली आणि सांगितलं, “आम्ही बडोद्याचे. पुण्याला माझं कोण आहे? तू. आणि तू आज हरणार आहेस.” निरुपमा तेव्हा परकरातली पोर होती. तिला वाटलं, किती सोपं आहे. आता या वयाला मेथीची पानं खुडताना तिला कळत होतं की त्यांना ते सोपं गेलं कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना एकच देश होता. रात्री भाचा त्यांच्याच शेजारी अंथरूण टाकून झोपला होता, आणि त्याला झोपायला कोणाचा व्हिसा लागला नव्हता.

निरुपमा स्वतः गुजरातकडून खेळली होती. राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राच्या मुली समोर आल्या की त्या आपसांत मोठमोठ्यानं बोलायच्या, ही दमलीय, हिला खांबाकडे घ्या, आणि निरुपमाला शब्दन् शब्द कळायचा. मग ती दमल्याचं सोंग जास्तच करायची. शेवटी त्यांच्यातली एक वैतागून म्हणाली होती, “अगं, ही आपल्यातलीच दिसते! हिच्यासमोर बोलायची सोय नाही!” त्या दिवसाची तिला अजून मजा वाटायची. गुजरातच्या बेंचवर गुजराती बोलणं, समोर मराठी, आणि मधे ती, दोन्हीकडचं ऐकणारी. पण त्यापुढे काही नव्हतं. देशाकडून खेळायचं तर कोणाशी खेळायचं? तिच्या उमेदीच्या काळात हा खेळ बाहेर कोणाला ठाऊकही नव्हता. ती चांगली होती, फार चांगली होती, हे ती स्वतःशी न लाजता म्हणू शकत होती. पण पाठीवर देशाचं नाव असलेला कपडा तिच्या अंगाला कधी लागला नाही. आणि आता तो लागणार होता अवनीला, जी खेळ सोडून फिजिओथेरपी शिकायला तिकडे गेली, तिथल्या दवाखान्यात नोकरीला लागली, आणि शनिवार-रविवारी पटेलांच्या मुली जमवून बागेत खो-खो खेळत होती. इथे अवनीहून सरस अशा किती मुली शिबिराच्या दारातून परत गेल्या असतील! तिकडे मात्र खेळणाऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पासपोर्ट बदलला की कपडा मिळाला.

“म्हणून बदललास?” निरुपमानं तेव्हा फोनवर विचारलं होतं.

“तसं नाही गं आई. नोकरी आहे, घर आहे, कधीतरी करायचंच होतं,” अवनी म्हणाली. मग म्हणाली, “पण खरं सांगू? मला एकदा तरी देशाकडून खेळायचं होतं. कुठल्या का होईना.”

कुठल्या का होईना. निरुपमाला ते शब्द आधी झोंबले, नंतर कित्येक दिवस कानात राहिले. झोंबले कारण देश म्हणजे काय लारीवरची भाजी आहे, ही नाही तर ती? आणि राहिले कारण त्यातली भूक तिला ओळखीची होती. तीच तिची होती. पोरीनं फक्त आईसारखं गप्प बसायचं नाकारलं होतं.

दुपारी अवनी जेवायला आली. संघ हॉटेलात उतरला होता, पण जेवायला घरी यायची परवानगी होती. दारात चपला काढताना तिनं सवयीनं डाव्या पायानं उजवी चप्पल ढकलली, आणि निरुपमाला एकदम बरं वाटलं, जसं काही शपथ डाव्या पायापर्यंत पोचली नव्हती. मेथीची भाजी, भाकरी आणि हेरंबनं कोपऱ्यावरून आणलेली शेव-उसळ. अवनीनं उसळीवर तर्री ओतून घेतली, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबली नाही. विमानतळावरची गंमत सांगू लागली. “परदेशी लोकांची रांग वेगळी असते ना, त्यात उभी राहिले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, कुठे राहणार? मी म्हटलं, आईकडे. तो हसलाच. आणि व्हिसावर लिहिलंय, अमुक तारखेच्या आत देश सोडायचा.” हेरंब हसला. निरुपमा भाकरी थापत होती. तिनं ती तव्यावर टाकली आणि उगाच जोरात पाणी फिरवलं. ज्या घरात हिचे दात आले आणि पडले त्या घरी यायला हिला तारीख घालून दिलेली, आणि हसताहेत दोघं बापलेक. तिला रडू येत होतं आणि भाकरीच्या वाफेचा तेवढ्यापुरता आधार झाला.

मग अवनीनं, ताटातली शेव बोटानं गोळा करत, अगदी सहज विचारलं, “आई, दुर्गा कशी उठते गं? म्हणजे खो मिळाला की आधी कुठला पाय टाकते?”

हेरंब टोपी सारखी करत म्हणाला, “सांग की. पोटची पोर विचारतेय.”

“आणि ती कोण आहे?” निरुपमा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा वर गेला. “ती इतकीशी होती तेव्हापासून मी तिला शिकवतेय. तिचं काही मी तुला सांगायची नाही. तुझंही तिला सांगितलं नाही.”

“गंमत केली गं,” अवनी म्हणाली. गंमत नव्हती, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण अवनीनं पुढे विचारलं नाही. ताट उचलून घासायला टाकलं आणि जाताना आईच्या खांद्यावर हनुवटी टेकवली, लहानपणी टेकवायची तशी. “तू उद्या आमच्या बाजूला बस ना. बाकीच्यांच्या आया तिकडे आहेत, एकटी माझीच इथे आहे.” निरुपमानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

संध्याकाळी ती मैदानावर गेली. माणसं चुन्यानं रेषा मारत होती, खांबाला नवा रंग दिलेला होता, कडुनिंबात उत्तरायणातले फाटके पतंग अजून अडकलेले होते. दुर्गा खांबापाशी एकटीच पायाला पट्टी बांधत बसली होती. तिचे वडील सावली गावाकडच्या एका कारखान्यात कामाला, मूळ जळगाव बाजूचे. शाळेसाठी तिला पाणीगेटला मावशीकडे ठेवलेली, आणि मावशीनं पोरगी घरात उड्या मारते म्हणून क्लबात आणून सोडलेली. आता तिच्या अंगावर निळा कपडा होता, पण अजून पक्का नव्हता. शिबिरातून शेवटची एक जागा भरायची होती, ती आणि धाराशिवची एक मुलगी यांच्यात. निवड करणाऱ्या बाई उद्या हाच सामना बघून ठरवणार होत्या. निरुपमा दिसताच दुर्गा उठली, वाकून पाया पडली.

“झोप नीट घे. आणि सकाळी फक्त केळं खा, फाफडा नाही,” निरुपमा म्हणाली.

“सारू, ताई.” मग दुर्गा अडखळली. “ताई, एक विचारू? तुम्ही उद्या कुठे बसणार? मला आधी सांगून ठेवा, म्हणजे मी तिकडे बघणार नाही.”

इलाबेनचाच प्रश्न, पण याला जोइए हवे म्हणून चालणार नव्हतं. “मी कुठल्याच बाजूला बसणार नाही. खांबाच्या मागे खुर्ची टाकते.”

“आणि ताई, रागावू नका, पण काही बोलू नका हं. आपलं तुम्हाला ठाऊक आहे ना.”

निरुपमाला ठाऊक होतं. तिची शिकवायची रीत अशी की पळणाऱ्या मुलीला ती एकच शब्द द्यायची. आत. खांब. मागे. मागे म्हणजे पाठलाग करणारी तुझ्या पाठीशी आली, खांदा वळव आणि निसट. विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार करू द्यायचाच नाही. शब्द कानावर पडला की अंग वळलं पाहिजे. वर्षानुवर्षं तिनं मुलींच्या अंगात हे असं मुरवलं होतं. पळताना त्याचा फायदा होई. पण पाठलाग करताना खांदा मागे वळला तर तो फाउल. शिट्टी वाजते आणि हातात आलेला गडी सोडून उलट दिशेला जावं लागतं. दुर्गाला हे कळत होतं आणि तरी तिच्या अंगाला कळत नव्हतं. सरावात दोनदा तसं झालं होतं, दोघी त्यावर हसल्याही होत्या. “मी तोंड उघडायची नाही,” निरुपमा म्हणाली. दुर्गाच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली की निरुपमाला वाईट वाटलं. आपण कोणाला तरी गप्प राहूनच उपयोगी पडतो, अशी ही पहिलीच वेळ होती.

सकाळी मैदान भरलं. एका बाजूला निळे झेंडे, क्लबच्या मुली, शाळेच्या मुली. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंडच्या मुलींचे बडोद्यातले काका-मामा, आणि त्यांच्या मधोमध काळी टोपी घालून हेरंब. इलाबेनही आल्या होत्या आणि अर्थातच मधल्या सावलीत बसल्या होत्या. क्लबचे सेक्रेटरी सुभानराव निरुपमाला व्यासपीठावर बोलवायला आले. तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि खांबामागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली. तिच्यापासून थोड्या अंतरावर निवड करणाऱ्या बाई बसल्या होत्या, दक्षिणेकडच्या, पांढऱ्या टोपीखाली गंभीर. सामना सुरू झाला आणि सगळ्यांना लगेच दिसलं की ही बरोबरी नाही. काळ्या कपड्यांतल्या मुली खूप हसत होत्या, पडत होत्या, एकमेकींना इंग्रजीत सॉरी म्हणत होत्या. भारताच्या मुली पाटीवर बसल्या की जमिनीत रोवल्यासारख्या बसायच्या आणि उठल्या की दिसायच्याच नाहीत. निरुपमाला बरं वाटलं. हरणार हे ठरलेलं असलं की आईला बघणं सोपं जातं.

पण अवनी बाद होईना. तिच्या दोन्ही जोडीदारणी गेल्या आणि ती एकटी उरली, तरी होईना. वय दिसत होतं, कमरेत थोडी जड झाली होती, पण पाय विसरले नव्हते. दोन बसलेल्या मुलींच्या मधून ती अशी आतबाहेर करायची की पाठलाग करणारी पुढे निघून जायची. निरुपमा बघत राहिली. हे मी शिकवलंय. हा उजव्या खांद्याचा झोका माझा आहे. हीच हुलकावणी घेऊन मी कधी देशाकडून खेळले नाही, आणि ती आज इथे, माझ्या मैदानावर, कुठल्या का देशाच्या कपड्यात असेना, खेळतेय. तिला वाटलं, अजून थोडी राहा. एवढी पाळी संपेपर्यंत राहा. अवनी समोरच्या पाठलाग करणारीकडे बघत मागे मागे सरकत होती. त्याच वेळी त्या मुलीनं बसलेल्या दुर्गाला खो दिला. दुर्गा उठली ती अवनीच्या बरोबर पाठीशी. अवनीला ते दिसलं नव्हतं. दुर्गाचा हात पुढे आला होता, बोटं पाठीपासून वीतभर असतील नसतील.

“मागे!”

निरुपमानं आवाज ऐकला आणि तो आपला आहे हे तिला नंतर कळलं. अवनीचा खांदा वळला, ती बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे निसटली. आणि दुर्गाचाही खांदा वळला. त्याच शब्दाला, त्याच क्षणी, तशाच झोक्यात. पंचांची शिट्टी वाजली. दुर्गा उलट दिशेला धावली, आणि पळता पळता तिनं खांबामागे पाहिलं नाही, म्हणजे अगदी ठरवून पाहिलं नाही. पाळी संपली तेव्हा अवनी नाबाद होती. काका-मामा नाचत होते. हेरंबनं टोपी हवेत उडवली होती. निरुपमानं पदर तोंडाशी धरला होता, पण आता त्याचा काय उपयोग?

भारत जिंकला, भरपूर फरकानं. मुली हात मिळवत होत्या, फोटो काढत होत्या. निवड करणाऱ्या बाई उठता उठता शेजारच्या माणसाला म्हणाल्या, “लड़की तेज़ है. लेकिन पब्लिक चिल्लाई और उसने कंधा घुमा दिया. दिल्ली में तो इससे बहुत ज़्यादा शोर होगा.” शेजारच्यानं मान हलवली. धाराशिवची मुलगी त्यांच्या बोलण्यात आली. सुभानरावांनीही ते ऐकलं होतं. ते निरुपमाच्या खुर्चीपाशी आले आणि हळूच म्हणाले, “ताई, राहू द्या. गर्दीत कोण ओरडलं, कोणाला कळतंय?” भल्या माणसाला तिची अब्रू वाचवायची होती. भारताच्या खेळाडूची गुरू समोरच्या संघासाठी ओरडली, हे उद्या पेपरात आलं तर? निरुपमाला ते सगळं दिसलं, डोळा मिटलेल्या फोटोसकट. ती उठली.

“मॅडम, वो पब्लिक नहीं थी,” ती बाईंना म्हणाली. “मैं थी. दुर्गा को मैंने सिखाया है. मेरी आवाज़ पर ये लड़कियाँ सोचे बिना मुड़ती हैं, ये आदत मैंने ही डाली है. किसी और के चिल्लाने से वो नहीं मुड़ती.”

बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आप कोच हैं? तो आप चिल्लाईं क्यों?”

“बेटी के लिए.”

“कौन-सी है आपकी बेटी?” बाई निळ्या कपड्यांकडे बघू लागल्या.

अवनी तिथेच उभी होती, पाण्याची बाटली तोंडाला लावून. सगळं तिला ऐकू येत होतं. निरुपमाला वाटलं, नुसतं बोट दाखवावं. मग वाटलं, नको. वर्षभर जे गिळलं ते आता बाहेर आल्याशिवाय त्या दुसऱ्या पोरीचं भलं होणार नाही.

“न्यूज़ीलैंड की है,” ती म्हणाली. “मेरी बेटी न्यूज़ीलैंड की है.”

अवनीनं बाटली खाली घेतली. बाईंनी टोपी काढून कपाळ पुसलं. “ठीक है. मैं उसको एक बार और देखूँगी. अभी. लेकिन आप यहाँ नहीं रहेंगी. गेट के बाहर जाइए.” गुडघ्याच्या पट्ट्या सोडून बसलेल्या मुली कुरकुरत पुन्हा पाटीवर जाऊन बसल्या. आता पळायला कोण, असं बाईंनी विचारलं, आणि अवनी म्हणाली, “मैं दौड़ती हूँ.” दुर्गानं तिच्याकडे पाहिलं. अवनी केस बांधत तिला मराठीत म्हणाली, “सोडायचं नाही हं मला. मी पण सोडणार नाही.”

ज्या फाटकातून निरुपमा रोज आत यायची त्यातून ती बाहेर गेली. सुभानरावांनी तिच्यामागे फाटक लावून घेतलं, अगदी हळू, तिला लागू नये अशा बेतानं. बाहेर रस्ता होता, एक रिक्षा उभी होती, शेव-उसळवाल्याची लारी होती. भिंत पुरुषभर उंच. तिला काही दिसत नव्हतं. आतून खो असा आवाज आला, पाय धावल्याचा आवाज आला, पुन्हा खो. कोण उठलं, कोण वळलं, कळायला मार्ग नव्हता. तिनं ओठ आत घेऊन दाताखाली धरले. दुर्गा, तिला धर, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच दमात आलं, अवू, निसट. दोन्ही खरं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं असायला तिची काही हरकत नव्हती, हे तिला त्या भिंतीबाहेर पहिल्यांदाच कळलं. तिनं डोळे मिटले. धावणं चालूच होतं. मग जमिनीवर कोणीतरी लांबवर घसरत गेल्याचा आवाज आला, शिट्टी वाजली, आणि आत एकदम शांत झालं.

“आई!” भिंतीपलीकडून अवनीचा आवाज आला, धापा टाकत, हसत, इतका मोठा की रिक्षावाल्यानंही मान वर केली. “आई गं, बाद झाले मी! दुर्गानं मारलं!”

निरुपमानं रस्त्यात उभं राहून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आत अजून कोणी वाजवत नव्हतं. ती एकटीच वाजवत राहिली.